जस्तात बुडवलेली चासी: जुन्या लँड रोव्हर, जीप आणि आतून खाणारा गंज

या भागाची सुरुवात एका श्रोत्यांच्या निरोपापासून करतो. कोकणात खाडीच्या काठी राहतात. त्यांनी एक जुनी जीप बघून ठेवलीय. चार फोटो पाठवले आणि विचारलं, "दादा, रंग ताजा आहे, टायर नवे आहेत, मालक म्हणतोय पत्रा कडक आहे. घेऊ का?" फोटो छानच होते. पण चारही फोटो उभ्या गाडीचे, बाजूने काढलेले. खालून काढलेला एकही नाही.

मी त्यांना म्हटलं, जरा थांबा. उत्तर देतो, पण आधी एक गोष्ट सांगतो. गोष्ट इंग्लंडमधली आहे, पण ती ऐकलीत की तुमचं उत्तर तुम्हालाच सापडेल. म्हणून आजचा हा भाग. विषय आहे गंज. जुन्या जीप, जुने पिकअप आणि त्यांच्या पोटात बसलेला गंज.

बागेत सापडलेली गाडी

२०१८ साली लँड रोव्हर या गाडीला सत्तर वर्षं झाली. त्या वर्षाच्या सुरुवातीला कंपनीने एक बातमी दिली. ३० एप्रिल १९४८ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या मोटर शोमध्ये लँड रोव्हर पहिल्यांदा जगासमोर आली होती. तिथे दाखवलेल्या गाड्यांपैकी एक गाडी कित्येक वर्षं बेपत्ता होती, ती सापडली. कुठे? तर सोलिहलच्या कारखान्यापासून काही मैलांवर, एका घराच्या बागेत. १९६० च्या दशकात ती शेवटची रस्त्यावर धावली. मग वीसेक वर्षं वेल्समधल्या एका शेतात नुसती उभी होती, तिच्या इंजिनाचा वापर यंत्र चालवायला व्हायचा. पुढे कुणीतरी दुरुस्त करायला म्हणून घेतली आणि ती तशीच अर्धवट पडून राहिली. आपल्याकडे नाही का, "एक दिवस करू" म्हणून अंगणात ताडपत्रीखाली राजदूत पडलेली असते, तसंच.

त्या बातमीत एक बारीकसा तपशील होता. वाचताना सहज सुटून जाईल असा. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू होण्याआधी रोव्हरने ४८ गाड्या चाचणीसाठी बनवल्या होत्या. या ४८ गाड्या नंतरच्या गाड्यांपेक्षा वेगळ्या होत्या. त्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा जाड होता, आणि त्यांची चासी गॅल्वनाइज्ड होती. म्हणजे जस्त चढवलेली.

आता लँड रोव्हरवाल्या कुठल्याही माणसाला विचारा, या गाडीचं सगळ्यात मोठं दुखणं काय? तो एका शब्दात सांगेल, चासी. चासी सडते. विकायला काढलेल्या गाड्यांवर चासीला जस्त आचे उद्योग नंतर झाले, ते मालकांनी स्वतःच्या पैशाने केले. म्हणजे बघा, पहिल्या ४८ गाड्यांत बरोबर उत्तर होतं. मग ते काढून टाकलं, आणि पुढची अनेक दशकं लोक त्याच उत्तराकडे परत यायला धडपडत राहिले. हे असं का झालं, हीच आजची गोष्ट.

पोलाद नव्हतं म्हणून

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटन जिंकला होता, पण खिसा रिकामा होता. पोलादावर रेशन होतं. ज्या कंपन्या माल परदेशी विकून परकीय चलन आणतील, त्यांना सरकार पोलाद देत असे. रोव्हर ही मध्यमवर्गाच्या जरा वरच्या लोकांसाठी मोटारी बनवणारी कंपनी. तिच्याकडे सोलिहलला युद्धकाळातला मोठा कारखाना होता, पण त्यात बनवायला पुरेसं पोलाद नव्हतं.

कंपनीचे मुख्य इंजिनियर मॉरिस विल्क्स. वेल्सच्या अँगलसी बेटावर त्यांची शेती होती आणि शेतावर लष्कराने विकून टाकलेली एक विलीस जीप होती. ही जीप मोडली तर हिच्या जागी घ्यायला ब्रिटिश बनावटीचं काही नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९४७ साली रेड व्हार्फ बे नावाच्या किनाऱ्यावर त्यांनी भाऊ स्पेन्सर विल्क्स यांना वाळूत रेघोट्या ओढून नव्या गाडीची कल्पना दाखवली, अशी गोष्ट सांगितली जाते. म्हणजे या गाडीचं पहिलं चित्रच समुद्राच्या खाऱ्या वाळूत काढलेलं. पुढे काय होणार याचा तो शकुनच म्हणायचा!

पोलाद नाही, पण अ‍ॅल्युमिनियम होतं. विमानांचे कारखाने थंडावले होते. म्हणून गाडीचा बाहेरचा पत्रा बर्माब्राइट नावाच्या मिश्रधातूचा केला. हे अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांचं मिश्रण. आकार साधा, सपाट, म्हणजे महागडे साचे लागत नाहीत. पत्रा हाताने वाकवला की झालं.

पण चासीला ताकद हवी. ती पोलादाचीच लागणार. मग पोलादाच्या पट्ट्या कापून, चार पट्ट्या कडांना वेल्ड करून, पोकळ चौकोनी तुळई बनवायची युक्ती काढली. दोन लांब तुळया, मध्ये आडवे तुकडे, शिडीसारखी चासी. बांबू पोकळ असून भक्कम असतो ना, तसंच हे. कमी धातूत जास्त ताकद.

आणि मुळात ही गाडी कायमची नव्हतीच! मोटारींचा धंदा रुळावर येईपर्यंत दोन-तीन वर्षं कारखाना चालू ठेवायचा, एवढाच हिशेब होता. किंमत ४५० पौंड. गिऱ्हाईक शेतकरी. आता तुम्हीच सांगा, दोन-तीन वर्षांच्या सोयीसाठी काढलेल्या, स्वस्तात विकायच्या गाडीच्या अख्ख्या चासीला कोण जस्त चढवत बसेल? उत्पादन सुरू झालं तेव्हा जस्त गेलं आणि नुसता रंग आला. त्या वेळच्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांच्या हिशेबाने ते बरोबर होते. चुकला तो हिशेब. कारण ती 'तात्पुरती' गाडी, रूप बदलत बदलत, सोलिहलला बनत राहिली ती २९ जानेवारी २०१६ पर्यंत.

बाहेरून ठणठणीत, आतून पोकळ

या गाडीबद्दल लोकांच्या मनात काय बसलं? की "अ‍ॅल्युमिनियमची गाडी आहे, गंजत नाही." आणि अर्धं खरंच होतं. वीस वर्षांनी मडगार्ड बघा, बॉनेट बघा, ठोके बसलेले असतील, पण लाल डाग नाही.

गंज कुठे गेला मग? तो आत गेला.

पोकळ तुळईला भोकं असतात. पाणी निचरायला, वायर न्यायला, बोल्ट बसवायला. चाकाने उडवलेला चिखल त्याच भोकांतून आत जातो. आत गेलेला चिखल बाहेर येत नाही. तो तळाशी बसतो, निचऱ्याचं भोक बुजवतो आणि ओल्या पोटिसासारखा पोलादाला चिकटून राहतो. बाहेरून आपण रंग मारतो, आत रंगाचा ब्रश कधी पोचतच नाही. पत्रा आतून पातळ होत जातो. बाहेरचा रंग अजून चकचकीत असतो आणि त्याच्या मागे उरलेलं असतं ते पापडाएवढं लोखंड.

लँड रोव्हरचे ठरलेले बळी आहेत. मागची आडवी तुळई, जिला ट्रॉली जोडतात. बाजूला निघालेले हात, ज्यांच्यावर गाडीचा सांगाडा टेकतो. पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, जिथे अडकवतात ते कान. आणि इंजिन व चालक यांच्यामधली पोलादी भिंत, विशेषतः पाय ठेवायची जागा. पावसात पायाखालचा पायपोस भिजलेलाच राहतो. पायपोस उचलला की खाली रस्ता दिसतो, हा विनोद नाही बरं का, जुन्या गाड्यांच्या मालकांचा अनुभव आहे.

आणि गंजाची एक वाईट खोड आहे. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून वेल्ड केले असतील, तर मधल्या फटीत गंज फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून ढकलून वेगळे करतो. जुन्या वाड्याच्या भिंतीतला पिंपळ जसा दगड हलवतो, तसा.

अ‍ॅल्युमिनियमचंही सुख पूर्ण नव्हतं. दरवाजांची चौकट पोलादी आणि वरची कातडी अ‍ॅल्युमिनियमची. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, मध्ये खारं पाणी. झाली की बॅटरी तयार! अशा जोडीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं. रंगाखाली फोड येतात आणि फोड फोडला की पांढरी भुकटी निघते.

जस्त स्वतः झिजतं म्हणून

हे बॅटरीचं प्रकरण नीट समजून घेऊ, कारण जस्ताचं सगळं रहस्य तिथेच आहे.

इटलीत बोलोन्याला लुइजी गॅल्वानी यांनी १७८० च्या दशकात बेडकाच्या पायावर प्रयोग केले. दोन वेगळे धातू लावले की मेलेल्या बेडकाचा पाय झटका देई. त्यांच्याच नावावरून 'गॅल्वनाइज' हा शब्द आला. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांच्याकडे ब्रिटिश नौदलाची एक अडचण आली. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकलेला असे आणि समुद्राच्या पाण्यात तो झिजत असे. डेव्हींनी सांगितलं, तांब्याला जस्ताचे किंवा बिडाचे तुकडे जोडा. ते झिजतील, तांबं वाचेल. ज्या जहाजावर हे करून पाहिलं त्यात 'सामरंग' नावाचं जहाज होतं, आणि ते बांधलेलं होतं आपल्याकडे, कोचीनला, सागवानाचं.

प्रयोग यशस्वी झाला. तांबं खरंच वाचलं. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच तळाला शिंपले चिकटत नव्हते! तांबं झिजायचं थांबलं आणि शिंपल्यांनी तळ भरून गेला, जहाजं मंदावली. नौदलाने तो उपाय सोडून दिला. तत्त्व मात्र टिकलं. दोन धातू जोडीने ओल्या जागी असतील, तर एक दुसऱ्यासाठी स्वतःला झिजवतो.

१८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी पेटंट घेतलं. लोखंड आम्लात स्वच्छ करायचं आणि वितळलेल्या जस्तात बुडवायचं. आज हे साधारण ४५० अंश सेल्सियसला करतात. आपल्या घरच्या जस्ताच्या बादल्या, गोठ्यावरचे जस्ती पत्रे, सगळे याच कुळातले. तुम्ही म्हणाल, मग हे कल्हईसारखंच की. दिसायला हो, पण एक मोठा फरक आहे. कल्हई उडाली की खालचं तांबं उघडं पडतं आणि मग त्याला कुणी वाली नाही. जस्तावर ओरखडा पडला तर शेजारचं जस्त झिजून त्या उघड्या लोखंडाला सांभाळतं. रंग नुसता रेनकोट आहे, फाटला की भिजलात. जस्त म्हणजे स्वतः भिजून पोराला कोरडं ठेवणारी आई.

आणि बुडवण्याचा सगळ्यात मोठा फायदा कुठला? वितळलेलं जस्त भोकातून आत जातं. पोकळ तुळईला आतूनही अस्तर मिळतं. जिथे ब्रश पोचत नाही, तिथे जस्त पोचतं. म्हणूनच त्या पहिल्या ४८ गाड्यांचा तपशील वाचून मी चमकलो होतो.

मीठ रस्त्यावर आलं

आता म्हणाल, पाऊस तर इंग्लंडात आधीपासून होता, मग गंजाचं एवढं संकट कशामुळे? त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. मीठ.

बर्फाळ रस्त्यावर मीठ टाकलं की पाणी शून्य अंशाच्या खालीही गोठत नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात रस्त्यांवर सरसकट मीठ टाकायचं धोरण स्वीकारलं. त्या हिवाळ्यात सगळ्या अमेरिकेच्या महामार्गांवर मिळून साधारण ५,००० टन मीठ पडलं. १९५५ साली हा आकडा १० लाख टनांच्या आसपास गेला. आणि त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत जवळपास एक कोटी टन! ब्रिटनमध्येही तेच. चेशर परगण्यात विन्सफर्डला १८४४ पासूनची मिठाची खाण आहे, आजही तिथलं खडेमीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पडतं.

रस्ता सुरक्षित झाला, हे नाकारता येणार नाही. जीव वाचले. पण त्याची किंमत गाड्यांच्या पोटाने मोजली. मीठ विरघळलेलं पाणी वीज उत्तम वाहून नेतं, म्हणजे ती गंजाची बॅटरी जोरात चालते. शिवाय मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, लोखंड लवकर सुकू देत नाही. गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीत गंज हळू चढतो. मिठाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये नेऊन उभी केली की खरा उद्योग सुरू होतो. मालक बिचारा समजतो, गाडी जपतोय!

डेट्रॉइटमध्ये कुर्ट झीबार्ट नावाच्या गृहस्थांनी हे ओळखलं की गाडी आतून बाहेर सडते. १९५९ साली त्यांनी धंदा सुरू केला. गाडीच्या पोकळ भागांना छोटी भोकं पाडायची, लांब नळीने आत गंजरोधक फवारायचं, भोकं बंद करायची. उपाय नवा होता, पण मुद्दा तोच, सोरेलचाच. आत पोचा.

बाकीच्यांनी काय केलं? खालून डांबरासारखा काळा थर फासला. नवा असतो तोवर ठीक. पण तो वाळतो, तडकतो. तडीतून पाणी आत जातं आणि थराच्या मागे कोंडून राहतं. बाहेर काळंभोर, मागे लाल भुकटी. आणि भोक पडलंच तर वर नवा पत्रा ठेवून वेल्ड करायचा. थिगळावर थिगळ. प्रत्येक थिगळ म्हणजे पाणी अडायला एक नवी फट.

ब्रिटनमध्ये सरकारी गाडी-तपासणी १९६० साली सुरू झाली, तेव्हा ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढंच बघत. १९७७ पासून चासी आणि सांगाड्याची अवस्थाही तपासात आली. त्यातला एक नियम मला फार आवडतो, कारण तो गॅरेजवाल्याच्या अकलेचा नियम आहे. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, सीटबेल्ट हे जिथे अडकवलेले आहेत, तिथून ३० सेंटीमीटरच्या आत चासी गंजून कमकुवत झाली असेल, तर गाडी नापास. दरवाजाच्या कडेला गंज आहे? असू दे, दिसायला वाईट, एवढंच. पण तुम्हाला धरून ठेवणाऱ्या जागेच्या वीतभर अंतरात गंज आहे? मग गाडी रस्त्यावर नको.

बिल कुणी भरायचं

इथे गोष्टीचा खरा प्रश्न येतो. चासी सडली, चूक कुणाची? मालकाने धुतली नाही म्हणून? मीठ टाकणाऱ्या सरकारची? की बनवतानाच आतला भाग उघडा ठेवणाऱ्या कंपनीची?

लँड रोव्हरच्या बाबतीत बिल मालकांनी भरलं. जुनी चासी काढायची, कारखान्यात नवी बनवून जस्तात बुडवलेली चासी विकत घ्यायची आणि सगळी गाडी तिच्यावर पुन्हा उभी करायची. आज ब्रिटनमध्ये हा एक स्थिरावलेला व्यवसाय आहे. म्हणजे १९४८ मध्ये कारखान्यात जे करून झालं होतं, ते मालक आपल्या पैशाने पुन्हा करतायत.

अमेरिकेत मात्र एकदा उलटं झालं. टोयोटाचा टॅकोमा हा पिकअप. टिकाऊपणाबद्दल नाव मोठं. पण मीठ टाकणाऱ्या राज्यांतून तक्रारी यायला लागल्या की चासी आतून सडून भोकं पडतायत. २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० या वर्षांतल्या टॅकोमांच्या चासीवरची गंजाची हमी वाढवून १५ वर्षं केली. फार सडलेली असेल तर चांगल्या अवस्थेतल्या गाडीच्या बाजारभावाच्या दीडपट देऊन कंपनी ती परत विकत घेऊ लागली. जुनी, सडकी गाडी आणि दीडपट पैसे! पुढे नंतरच्या मॉडेलांवरून खटला झाला आणि २०१६ मध्ये तडजोड ठरली. सुमारे १५ लाख गाड्या आणि अंदाजे ३४० कोटी डॉलरपर्यंतचा खर्च. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण तपासणी आणि चासी बदलून देणं मान्य केलं. त्या तपासणीतही निकष होता भोकाचा. १० मिलीमीटर किंवा त्याहून मोठं भोक असेल तर चासी बदला.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. चासीच्या आत बनवतानाच संरक्षण पोचवायला जो खर्च आला असता आणि नंतर जो आला, त्यांची तुलनाच नाही. गंज उधारी ठेवतो मंडळी, पण व्याज फार लावतो.

आणि आपली जीप

आता परत कोकणात येऊ. विल्क्स यांच्या शेतावर जी विलीस होती, तिचीच भावंडं आपल्याकडे आली. १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली, १९४८ मध्ये ती महिंद्रा अँड महिंद्रा झाली, आणि त्याच सुमाराला विलीस जीपचे सुटे भाग आणून इथे जोडायला सुरुवात झाली. पुढची कित्येक दशकं सरकारी दौरा असो, लग्नाचं वऱ्हाड असो की वडाप असो, जीपच.

जीपला अ‍ॅल्युमिनियमचं कवचही नाही. सगळा पत्रा पोलादी. युद्धातल्या विलीसच्या पायाखालच्या पत्र्याला खालून पन्हाळीसारख्या पट्ट्या असत आणि त्या पट्ट्यांत आधाराला लाकूड भरलेलं असे. ओलं लाकूड आणि लोखंड यांची गाठ, पुढे काय होणार ते सांगायला नको.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. पण किनाऱ्यावरचा वारा मीठ घेऊनच येतो. चार महिने पाऊस, वर्षभर दमट हवा. आणि हौशी मंडळी गाडी थेट पुळणीवर, भरतीच्या पाण्यात नेतात, रील काढतात आणि तशीच घरी आणून उभी करतात. इंग्लंडातल्या हिवाळ्यापेक्षा हे कमी नाही. तिथे मीठ चार महिने, इथे बारा महिने.

तर आता त्या श्रोत्यांना, आणि जुनी जीप किंवा पिकअप बघणाऱ्या सगळ्यांनाच, माझं उत्तर.

ताज्या रंगावर जाऊ नका. ताजा रंग ही मला उलट शंकेची जागा वाटते. गाडी रॅम्पवर चढवा आणि टॉर्च घेऊन खाली जा. छोटी हातोडी घ्या, मालकाची परवानगी घ्या आणि चासीवर हलके ठोके देत पुढून मागे चला. चांगलं लोखंड टणटण वाजतं. सडलेलं थप्प वाजतं. मडकं घेताना आपण वाजवून घेतोच की. स्टिअरिंग बॉक्स, पाट्यांचे कान, ब्रेकच्या नळ्या आणि सीट जिथे बसवलीय त्या जागा वीतभर अंतरापर्यंत नीट बघा. थिगळं मोजा. निचऱ्याच्या भोकात तार घालून बघा, काय निघतं ते. लाल पापुद्रे निघाले तर भावाची बोलणी तिथेच थांबवा.

घेतलीत, तर मग जपा. खाऱ्या पाण्यात गेलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, पोकळ भागातही पाणी सोडा आणि पूर्ण सुकू द्या. घरचा लोखंडी तवा धुतल्यावर आपण तसाच ठेवत नाही, पुसून तेलाचा हात फिरवतो. गाडीलाही तेवढाच न्याय. पोकळ तुळईत नळीने मेणाचं किंवा तेलाचं गंजरोधक मारा. जळालेलं इंजिन ऑइल फवारायची आपल्याकडे जुनी रीत आहे, ती मात्र सोडा. रबरी बुश फुगतात, ब्रेकवर उडालं तर जीवाशी खेळ, आणि खालची जमीन खराब होते ती वेगळीच.

वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने मोकळा करा, फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंजरोधक लावा, सुकल्यावर प्रायमर आणि मग रंग. भोक पडलं असेल तर थिगळ वर ठेवू नका. सडका भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापून काढा आणि तिथे नवा पत्रा सांधा. जस्ताचा पत्रा वेल्ड करायचा असेल तर आधी कडेचं जस्त घासून काढा आणि उघड्या हवेत काम करा, त्याचा धूर अंगात गेला तर थंडीताप भरतो.

आणि गाडीला बॅटरीवरची छोटी पेटी लावली की गंज थांबतो असं कुणी सांगितलं, तर त्याला डेव्हींचं जहाज आठवून द्या. ती युक्ती चालते कारण जहाज पाण्यात बुडालेलं असतं. गाडी हवेत उभी असते. पूर्ण गाडीभर पाण्याचा सलग थर नसेल तर ती वीज वाहणार कुठून?

त्या श्रोत्यांचा परवा पुन्हा निरोप आला. रॅम्पवर चढवली, म्हणाले. हातोडी मारली. मागच्या आडव्या तुळईत हातोडीचं टोक आत गेलं. मालक म्हणाला, "एवढं चालतंच हो, सगळ्या जुन्या गाड्यांना असतं." यांनी नमस्कार केला आणि परत आले. मला म्हणाले, "दादा, मन खट्टू झालं, गाडी दिसायला फार देखणी होती." होणारच. पण पुढच्या सीटवर बायको आणि मागे दोन मुलं बसणार होती. ती सीट ज्या पत्र्यावर आहे, तो पत्रा देखणा असून भागत नाही.

दुसरी सापडेल. शोधताय तोवर कुणाच्या अंगणात ताडपत्रीखाली एखादी जुनी जीप दिसली, तर वाकून खाली बघा. आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.